मी खुडूक बसले तेव्हा

मी एक म्हातारी, सिल्की जातीची कोंबडी आहे. मोहन्यातल्या एका चाळीच्या मागच्या अंगणात राहते. मित्रांनो, सुरुवातीलाच सांगून टाकते, मी ससा नाही, मांजराचं पिल्लू नाही आणि उशीही नाही. वाटेने जाणारा माणूस कुंपणाशी थांबतो आणि विचारतो, "हे काय आहे हो?" ही कोण, असं नाही. हे काय. इतकी वर्षं झाली, तरी मला या प्रश्नाचा राग येतो.

माझा जन्म शीळफाट्याजवळच्या एका शेडमध्ये झाला. आईच्या पंखाखाली नव्हे, अंडी उबवायच्या मशीनमध्ये. बाहेर आले तेव्हा वर पिवळा बल्ब होता आणि खाली लाकडाचा भुसा. पुढे पुठ्ठ्याच्या खोक्यात बसून मी इथे आले, तेही रिक्षातून. रिक्षा या घरच्या जगनदादांचीच. ते आंबिवली स्टेशनला रिक्षा लावतात. त्यांची मुलगी प्रियांका तेव्हा सातवीत होती आणि तिने माझ्यासाठी जेवण सोडलं होतं.

खोकं उघडून जगनदादा म्हणाले, "हिला पिसं कुठायत? नुसता कापूस. हिचं करायचं काय?"

"काही करायचं नाही, पप्पा. पाळायची."

"कोंबडी कशाला पाळतात ते मला नको शिकवू."

प्रियांकाच्या आईने, कांताताईंनी, माझं नाव सावरी ठेवलं. सावरीच्या कापसासारखी मऊ, म्हणून.

हेच जगनदादा महिनाभरात दुपारी घरी आले की आधी मला मांडीवर घ्यायला लागले. मी पळत नाही, चोच मारत नाही, आणि मला उडता येत नाही. माझी पिसं सुटी सुटी असतात, त्यांत वारा धरत नाही. मांडीवर बसवलं की मी डोळे मिटते. दादा मला दिवसभराची भाडी सांगतात. कोण सुट्ट्यावरून भांडलं, कोण पाया पडून उतरलं. कांताताई कल्याणला पार्लरमध्ये कामाला आहेत. माझा तुरा डोळ्यांवर आला की त्या कात्रीने नीट कापतात आणि म्हणतात, "हे एक गिऱ्हाईक बरं. आरसा मागत नाही." अशी मजा होती, मित्रांनो. घरातले सगळे माझ्यामुळे अंगणात बसायला लागले होते.

पण मान? मानाचं नाव काढू नका. एकदा कांताताईंचा भाऊ सुदेश आला. त्याने माझी पिसं फुंकून बाजूला केली आणि ओरडला, "ताई, ही आतून काळी आहे. कडकनाथ निघाली तुझी. दम्याला रस्सा देतात हिचा."

जगनदादा शांतपणे म्हणाले, "सुदेश, तुला दमा आहे का?"

"नाही, दाजी."

"मग वरण-भात खा आणि तिला खाली ठेव."

माझी कातडी काळी आहे, हाडंही काळी आहेत. म्हणून मी कोणाचं औषध नाही.

खरा अपमान पुढे आहे. त्या वर्षी होळी झाल्यावर मी खुडूक बसले. खुडूक म्हणजे काय, ते तुम्हांला माहीत नसेल. कोंबडीला अंडी उबवायची ओढ लागते, ती अंडी घालायची थांबते आणि एका जागी ठाण मांडते. मी दादांच्या जुन्या खाकी शर्टावर, पाटीत बसले. प्रियांका खालची अंडी काढून घ्यायची. मी रिकाम्या शर्टावर बसले. मग दोन कांदे घरंगळत आले, तर मी कांद्यांवर बसले. अंगणात कोंबडा नव्हता, त्यामुळे माझ्या अंड्यांतून काही निघणारच नव्हतं. पण ते मला कळलं असतं तरी मी उठले नसते. मशीनमध्ये जन्मलेल्या मला हे बसणं कोणी शिकवलं, ते मलाही सांगता येत नाही. एवढंच कळत होतं की मला पोटाखाली पिल्लं हवीत.

मी दाणे कमी खायला लागले. कांताताईंना काळजी वाटली. शेजारच्या रंगूबाईंना त्यांनी विचारलं. रंगूबाई मुरबाडकडच्या, जन्मभर गावठी कोंबड्या पाळलेल्या.

"मावशी, ही आजारी आहे का हो?"

"आजारी कसली, खुडूक आहे. तिचंच एक पीस काढ, नाकातून आरपार घाल आणि बादलीत बुडव. दोन दिसांत ताळ्यावर येते."

"तिला लागणार नाही ना?"

"अगं, कोंबडी आहे ती. तुझं पार्लरचं गिऱ्हाईक नाही."

आणि कांताताईंनी, माझा तुरा कापणाऱ्या त्याच हातांनी, ते केलं. गावठी कोंबडी पाण्यातून निघते, अंग झटकते आणि उन्हात जाते. माझ्या पिसांवरून पाणी ओघळत नाही. ती कापसासारखी पाणी पितात. मी कातडीपर्यंत भिजले. नाकात पीस, चोच उघडी, आणि पाय पोटाखाली राहीनात. आभाळ भरून वारा सुटला होता. शाळेतून आलेल्या प्रियांकाने मला बादलीमागे आडवी पडलेली पाहिलं.

तिने पीस काढलं आणि मला छातीशी धरून ती आईसमोर उभी राहिली. "आई, हिने काय केलं होतं?"

कांताताईंनी घरातून पार्लरचा ड्रायर आणला आणि माझं अंग गरम होईपर्यंत त्या जमिनीवर बसून राहिल्या. रंगूबाई कुंपणाशी आल्या. "आमच्याकडं असंच करतात," एवढंच म्हणाल्या.

मला उभं राहता आलं, तशी मी पुन्हा जाऊन पाटीत बसले.

दुसऱ्या दिवशी सकाळीच रंगूबाई पदरात काही घेऊन आल्या. त्यांची उबवणीला बसलेली कोंबडी पहाटे मुंगसाने नेली होती. अंडी अजून कोमट होती. त्यांनी हात माझ्याकडे केला आणि मी त्यांना कडकडून चोच मारली. जन्मात पहिल्यांदा.

"मार, मार," रंगूबाई म्हणाल्या आणि हात मागे घेतला नाही. त्यांनी एकेक अंडं माझ्यापुढे ठेवलं. मी ते चोचीने पोटाखाली ओढून घेतलं.

सगळ्यांतून पिल्लं निघाली नाहीत. जी निघाली ती तांबडी, चपळ, माझ्यासारखी पाच नव्हे, चार बोटांची. ती महिन्याभरात भिंतीवर उडून बसायला लागली आणि मी खालून त्यांना रागावत राहिले.

आता मी म्हातारी झाले आहे. माझा राग मात्र म्हातारा झालेला नाही. मित्रांनो, हौसेने आम्हांला घरी आणता, मांडीवर घेता, फोटो काढता. ते सगळं करा, आम्हांलाही आवडतं. पण आम्ही तुमच्या मनाजोगतं वागेनासे झालो की लगेच बादली शोधू नका. आधी जवळ येऊन बसा. आम्हांला काय हवं आहे, ते आम्ही दाखवत असतो. मी तर दिवसचे दिवस कांद्यांवर बसून दाखवत होते.