ही ती नव्हे

मित्रांनो, मी एक जुना अंगरखा आहे. माणसाचा नव्हे, एका कादंबरीचा. पुस्तकाच्या पुठ्ठ्यावर जो सुटा, चकचकीत कागद चढवतात, तो मी.

कादंबरी माझ्याहून कितीतरी जुनी. तिच्यावर सिनेमा निघाला, गाजला, तेव्हा प्रकाशकाने नव्या प्रती काढल्या आणि माझ्यावर सिनेमातल्या नायिकेचा चेहरा छापला. माझी शाई वाळत असताना छापखान्यातले कामगार येता-जाता थबकायचे. दुकानाच्या काचेतही लोक आधी मला बघत, मग पुस्तकाचं नाव वाचत. मला वाटे, पुस्तकाला शोभा आहे ती आपल्यामुळेच.

मग एका शिक्षिकेने आम्हाला घरी नेलं. तिची भाची तिला मावशी म्हणायची, म्हणून मीही मावशीच म्हणतो. ही कादंबरी तिने इतक्यांदा वाचली होती की आधीच्या प्रतीची पानं सुटी झाली होती. घरी येताच तिने मला हळूच उतरवलं, न्याहाळलं आणि म्हणाली, "चेहरा गोड आहे हो. पण ही ती नव्हे."

तिने मला फाडलं नाही. पालथा करून कपाटाच्या फळीवर अंथरलं आणि माझ्यावर तेच पुस्तक ठेवलं. ज्याच्या अंगावर शोभायचं, त्याच्याच खाली मी आयुष्य काढलं. देवाने जिथे ठेवलं तिथे राहावं, अशी मनाची समजूत घातली. तरी फळीकडे तोंड करून पडल्या पडल्या फार एकटं वाटायचं.

माझ्यावरचं ओझं उतरलं की समजायचं, मावशी वाचायला बसली. जुन्या कादंबऱ्यांवरचा प्रत्येक सिनेमा ती बघे. पण नेम असा, की आधी पुस्तक पुन्हा वाचायचं, मगच सिनेमा. परत आली की कुरकुर सुरू. "शेवट पार बदलून टाकला गं."

"मग दर वेळी जातेस कशाला?" भाची विचारी.

"माहेरच्या घराला नवा रंग दिला की आपण बघायला जातो ना? नावं ठेवतो, पण जातो."

पुढे भाची नोकरीसाठी दूर गेली. घरातलं बोलणं थांबलं. हळूहळू माझ्यावरचं ओझंही उतरेनासं झालं. मला वाटलं, मावशीला पुस्तकाचा कंटाळा आला.

एका दुपारी भाची सुट्टी घेऊन आली. "मावशी, तुझ्या कादंबरीवर नवा सिनेमा आलाय. ऊठ, आवर."

"आधी पुस्तक. नेम मोडायचा नाही."

"मग वाच की. कुणी अडवलंय?"

मग मावशी म्हणाली, "अक्षरं दिसत नाहीत गं आता. मोठं तेवढं दिसतं."

"आणि मला फोनवर 'वाचतेय' म्हणून सांगायचीस?"

"तिकडे तुझ्या जिवाला घोर नको म्हणून."

भाचीने पुस्तक उचललं. पुठ्ठा खिळखिळा झाला होता. मी फळीला चिकटलो होतो. तिने मला सोडवलं, तेव्हा माझा एक कोपरा तिथेच राहिला.

"घाल तो पुस्तकाला," मावशी म्हणाली. "तेवढाच आधार."

"पण ही ती नव्हे ना?"

मावशीने मला खिडकीशी नेऊन डोळ्यांजवळ धरलं. "माझी ती वाचताना दिसायची गं. वाचणं सुटलं, तशी तीही पुसट झाली."

मग भाची रोज मोठ्याने वाचू लागली. सिनेमा तोवर निघून तर जाणार नाही ना, अशी दोघींना धास्ती. शेवटचं पान संपलं आणि त्या लगबगीने गेल्या. मी पुस्तकाला घट्ट धरून टेबलावर वाट बघत राहिलो.

परत आल्यावर मावशीने चपला काढल्या आणि चाचपडत टेबलाशी येऊन माझ्यावरून हात फिरवला. "नवी काही जमली नाही बाई. आपलीच बरी होती."

मित्रांनो, पुस्तकांना जपा, त्यांच्या अंगरख्यांनाही जपा. आणि घरात कुणाचं आवडतं पुस्तक बरेच दिवस जागचं हललं नसेल, तर कंटाळा आला असेल असं धरून चालू नका. जवळ बसा, विचारा आणि एक पान वाचून दाखवा.