उंदरांचा कूलर

मित्रांनो, मी एक जुना पत्र्याचा कूलर आहे. माझी ओळख डोळ्यांआधी कानांना होते. खडखड आधी येते, गार हवा मागून. जठारपेठेत भाजी विकणाऱ्या गजेंद्र आणि सीमाबाईंच्या घरी मी खिडकीत बसलो. वैशाखात सगळं घर माझ्यापुढे ओळीनं झोपायचं. "कूलरजवळची जागा माही!" म्हणून त्यांची लेक आचल रोज भांडायची आणि रोज जिंकायची.

एका वर्षी पाऊस लागला आणि माझं बटण बंद झालं. टाकीतलं पाणी मात्र कोणी काढलं नाही. बटण बंद म्हणजे कूलर बंद, असंच सगळ्यांना वाटतं. त्या साचल्या पाण्यात पट्टेरी पायांचे डास वाढले आणि आचलला डेंग्यू झाला. ताप उतरला, तरी पोर पिवळी पडत गेली. यकृताला सूज आली होती. ती बरी होऊन घरी आली, त्या दिवशी सीमाबाईंनी माझी टाकी अंगणात उपडी केली.

"या डब्यात आता पाण्याचा थेंब पडणार नाही!"

मी गच्चीवर गेलो. घरानं पुढचे उन्हाळे पंख्यावर काढले. माझ्या पोटात कबुतरांनी संसार थाटला.

आचल शिकत गेली. डेंग्यू यकृतावर कसा घाव घालतो आणि तो घाव कसा भरतो, हेच तिला शोधायचं होतं. अमरावतीच्या एका प्रयोगशाळेत ती काम करू लागली. साध्या उंदरांना डेंग्यू फारसा बाधत नाही, म्हणून दुरून खास जातीचे, मोजकेच उंदीर आणले होते. आणि ऐन मे महिन्यात त्यांच्या खोलीचा एसी बंद पडला.

तिचा फोन आला तेव्हा सीमाबाई गच्चीवर कुरडया घालत होत्या. हात चिकाचे, म्हणून स्पीकर चालू.

"आई, आपला कूलर धाड ना."

"काहून? अमरावतीत कूलर भेटत नाही काय?"

"एवढा मोठा आज कुठंच नाही. उंदरायले उष्णता सोसत नाही."

"उंदरायसाठी कूलर?"

"आई, त्यायचं लिव्हर उन्हानंच बिघडलं, तर डेंग्यूनं काय केलं ते कसं कळन? बिचाऱ्यायचे जीव फुकट जातील."

सीमाबाईंची कुरडई वाकडी झाली. माझ्याकडे त्यांनी असं पाहिलं, जसं भांडून गेलेल्या नातेवाईकाकडे लग्नात पाहतात.

"धाडतो. पण त्याच्यासंगं मीबी येईन. टाकी मीच घासणार."

भाजीच्या गाडीत, वांग्यांच्या शेजारी बसून मी अमरावतीला गेलो. वाळ्याच्या नव्या ताट्या, नवा पंप, वर डासांची बारीक जाळी. मला बाहेरच्या खोलीत ठेवलं. माझी हवा जाळीतून आत जाणार होती. उंदरांची देखभाल करणारे पुंजाजी पुठ्ठ्यानं वारा घेत उभे होते.

"बापा! उंदरायले कूलर, अन् पुंजाजीले पुठ्ठा!"

"तुमीबी बसा ना भाऊ. हवा काय मोजून येते?" सीमाबाई म्हणाल्या.

आत उंदीर पोट टेकून पसरले होते. दाण्याला तोंड लावत नव्हते. मी जीव तोडून खडखडलो. आचल तापमापीवरून नजर काढेना. दिवस कलता कलता आतून बारीक कुरतडण्याचा आवाज आला. ती धावत बाहेर आली.

"खाऊन राहिले, आई! खाऊन राहिले!"

सीमाबाईंनी पदरानं मान पुसली आणि किती वर्षांनी माझ्यासमोर बसल्या.

एसी दुरुस्त होईपर्यंत त्या तिथेच राहिल्या. मधल्या एका पहाटे, हवा जरा गार असताना, त्यांनी माझी टाकी रिकामी केली. कडेला चिकटलेली अंडीसुद्धा उरू नयेत म्हणून कोपरे घासघासून काढले.

उंदरांचं पुढे काय झालं, ते लपवत नाही. त्यांना डेंग्यूची लागण केली; मग काहींना लवकर, काहींना बऱ्याच दिवसांनी, वेदना न देता निरोप दिला गेला आणि त्यांच्या यकृताचे पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली ठेवले. शेवटच्या दिवशी पुंजाजींनी जेवणाचा डबा उघडला नाही. मी तोवर घरी, खिडकीत परत आलो होतो. संध्याकाळी आचलचा फोन आला.

"आई, आधीच्यायले लय सूज होती. पण जे मागून पाहिले, त्यायचं लिव्हर भरत आलं होतं."

"तुह्यासारखं?"

"माह्यासारखं."

सीमाबाईंनी फोन ठेवला, बादली उचलली आणि माझी टाकी भरली.

मित्रांनो, माझं एवढंच मागणं आहे. आठवड्यातून एक दिवस आम्हाला कोरडं ठेवा. टाकी नुसती ओतू नका, घासा. आणि उन्हाळा सरला की बटणाआधी पाण्याची आठवण ठेवा. आमची हवा गार असते, पण साचलेलं पाणी कोणाचं ऐकत नाही.

परवा आचल सुटीवर आली. पिशवी टाकून सरळ माझ्याकडे धावली. पण कूलरजवळच्या जागेवर सीमाबाई गाढ झोपल्या होत्या.

या वेळी ती भांडली नाही. हळूच त्यांच्या मागे जाऊन आडवी झाली.

मी खडखड जरा कमी करून पाहिली. जमलं नाही. पण कोणी जागं झालं नाही.