दोन बोटं खाली आलेला गणवेश

"कुणाला पटणार नाही, पण ऐका," चामटोलीच्या शाळेत पालकसभेला जमलेल्या मंडळींना आण्णा म्हणाले. "आपल्या गावात कोंडाजी नावाचा इतका संशयी म्हातारा होता, की स्वतःच्या सावलीलाही थांबवून विचारायचा, 'माझ्या मागं कशाला येतेस?'

कोंडाजीच्या बारा वर्षांच्या नातीचा गणवेश उल्हासनगरला, कॅम्प दोनमधल्या सिंधी शिंप्याकडं शिवायला टाकला होता. घरी घालून पाहिला, तर घेर डावीकडं दोन बोटं खाली. कोंडाजी तडक दुकानात गेला.

'कापड मारलंस ना?'

'काका, माप दोनदा घेतला. पोरीचा उजवा खांदा वर आहे. डाक्टरला दाखव.'

कोंडाजीला वाटलं, शिंपी आपली चूक पोरीच्या अंगावर ढकलतोय. घरी सून म्हणाली, 'बाबा, वेणी घालताना मलाही तसंच दिसलं. दाखवूया ना.'

'म्हणजे गावभर होऊ दे! उद्या स्थळं आली की आधी पाठ बघतील.'

मग शेजारच्या पोराच्या औषधाची चिठ्ठी मेडिकलवाल्याला दाखवून त्यानं व्हिटॅमिन डीच्या पुड्या आणल्या. आठवड्याला एक, असं लिहिलेलं. कोंडाजी म्हणाला, 'डॉक्टर मुद्दाम कमी लिहितात. पेशंट लवकर बरा झाला तर परत कोण येईल?' रोज एक पुडी दुधातून सुरू झाली. एक त्यानं अंगणातल्या वाकड्या शेवग्यालाही घातली. आठ दिवसांत झाड विजेच्या खांबासारखं सरळ! खोटं वाटत असेल तर जाऊन बघा.

पोरगी मात्र महिन्यात उलट्या करायला लागली. सारखी तहान, जेवण बंद. तेव्हा सुनेनं कुणाला न विचारता तिला बदलापूरला नेलं. कोंडाजी मागोमाग, डॉक्टरवर नजर ठेवायला.

डॉक्टर माधवीताईंनी पुड्या बंद करून रक्त तपासायला पाठवलं. मग पोरीला हात जोडून पुढं वाकायला सांगितलं. पाठीची उजवी बाजू उंचवट्यासारखी वर आली. कोंडाजीनं ती पहिल्यांदाच पाहिली.

'आजोबा, व्हिटॅमिन कमी असेल तर तपासून, मापानं देतात. जास्त झालं तर ते अंगावर उलटतं. आणि हा बाक त्यानं सरळ होत नाही. हिची वाढ अजून बाकी आहे, पाठीला पट्टा बांधला तर बाक वाढायचा थांबू शकेल. आणखी दोन वर्षं लपवला असता, तर पट्ट्याचाही उपयोग नव्हता.'

'पट्टा लोकांना दिसेल का?' कोंडाजीनं विचारलं.

पोरगी म्हणाली, 'दिसू दे. माझी पाठ दुखते का, हे तुम्ही कधी विचारलंत?'

त्या दिवसापासून त्यानं फक्त स्वतःवर संशय घेतला.

तर मंडळी, पोरांना पुढं वाकवून पाठ बघत जा. दुसऱ्याच्या चिठ्ठीवर औषध देऊ नका. आणि लेकीची पाठ लग्नासाठी झाकू नका. त्या मूर्ख कोंडाजीनं..."

मागच्या बाकावरून त्यांची नात राजसी उठली. गणवेशावरून पट्टा बांधलेला.

"आण्णा, आपल्या गावात कोंडाजी कुणीच नाही. पुड्या तुम्ही दिल्या होत्या. आणि आपला शेवगा अजून वाकडाच आहे."