पोकळ वाशांचा यजमान

तिच्या पणजोबांनी पाणीपुरवठ्याच्या बॉयलरमध्ये कोळसा लोटला, आजोबांनी हातांनी झडपा फिरवल्या, वडिलांनी दाबमापकाचे काटे वाचत नोकरी संपवली. आणि चौथ्या पिढीत ती आली, जिच्या हाताला पाणी म्हणून लागत नसे. जलशुद्धीकरण केंद्राचे संगणक सांभाळणारी ही बाई सगळ्यांची सर्व्हरबाई झाली होती.

त्या दुपारी ती नियंत्रणकक्षात शिरली, तेव्हा क्लोरीनची मात्रा ठरवणारा पडदा काळा पडला होता. त्यावर पांढऱ्या ओळी धावत, एका जागी थिजत आणि पुन्हा आरंभापासून धावू लागत. समोर फोरमनकाका खुर्चीच्या कडेवर बसले होते. निवृत्तीला अकरा दिवस उरले होते.

“पोरी, मी नुसतं अपडेट केलं गं. सॉफ्टवेअरवाल्यांचं पत्र होतं. पत्र आलं की त्याच दिवशी काम, हा माझा नियम.”

“आणि विहिरीत उडी मारा, असं पत्र आलं तर?”

“सही-शिक्का असला, तर विचार करीन.”

ती हसली नाही. शुद्ध पाण्याच्या टाकीत तासाभराचा साठा होता. त्यानंतर नळांना बिनक्लोरीनचं पाणी तरी गेलं असतं, नाहीतर मुख्य झडप बंद करून अर्धं शहर कोरडं ठेवावं लागलं असतं. दोन्हींचा जाब काकांनाच द्यावा लागला असता, आणि त्यांचं पेन्शन अडलं असतं.

“जुना कर्नल, म्हणजे अपडेटच्या आधीचा प्रणालीचा गाभा, निवडून सुरू करू या.”

“जुना जागा अडवतोय, पुसू का, असं संगणकानं विचारलं. मी हो म्हटलं.”

“किती संगणकांवरचे?”

काका पायांकडे पाहू लागले. “चारही.”

तेवढ्यात शेजारचा पडदाही काळा झाला.

एकाच जुन्या यंत्राच्या पोटात हे चार संगणक पाहुण्यांसारखे राहत. त्यांना जागा देणारा यजमान, म्हणजे हायपरवायझर, पंधरा वर्षांचा म्हातारा. त्याला बनवणारी कंपनीही उरली नव्हती. उरलेले दोघे अजून बंद झाले नव्हते, म्हणून स्मृतीत राहिलेल्या जुन्या कर्नलवर तग धरून होते. पण जो एकदा निजेल, तो उठणार नव्हता.

ती थिजलेली ओळ वाचू लागली: अवैध आज्ञा. नव्या कर्नलला प्रोसेसरची एक्ससेव्ह नावाची सोय हवी होती. यजमान म्हणे, आहे की; पाहुणा हात घाली, आणि यजमान तो हात छाटून टाकी. मोठं घर, पोकळ वासा! अशा घरी पाहुण्यालाच बजावावं लागतं, की बाबा रे, ही वस्तू मागूच नकोस.

संगणक सुरू होताना आज्ञांची ओळ बदलायला पाच सेकंद मिळत. पहिल्यांदा तिची बोटं चुकली. दुसऱ्यांदा तिने ओळीच्या शेवटी एकच शब्द जोडला: नोएक्ससेव्ह. ओळी धावल्या, थिजण्याची जागा आली, आणि मागे पडली. क्लोरीनचा पंप खाकरून सुरू झाला. टाकीत तेरा मिनिटांचं पाणी उरलं होतं. तोच शब्द तिने चौघांच्याही माथी कायमचा लिहिला. यजमान मात्र होता तसाच घरघरत राहिला. आणखी कशाकशाला तो ‘आहे’ म्हणतो, हे कुणालाच ठाऊक नव्हतं.

साहेबांचा फोन आला. “जबाबदार कोण? नोंदवहीत नाव हवं.”

काकांनी पेन उचललं. तिच्या जन्माच्या आठवड्यात वडिलांनी चुकीची झडप उघडली होती. तेव्हाही याच माणसाने पेन उचललं होतं, आणि नाव स्वतःचं लिहिलं होतं. त्यापायी त्यांची बढती नऊ वर्षं लांबली. वडील शेवटपर्यंत म्हणत, “त्याचं देणं राहिलंय गं.”

तिने काकांच्या हातून पेन काढून घेतलं आणि लिहिलं: अपडेट माझ्या संमतीने झाले. खाली स्वतःचं पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट.

“पोरी, हे खोटं आहे!”

“तुमचं तरी कुठं खरं होतं, काका?”

महिनाअखेरीस काका पूर्ण पेन्शन घेऊन घरी गेले. तिच्या बढतीच्या कागदावर साहेबांनी लाल शाईने ‘नामंजूर’ लिहिलं. वडिलांचं देणं फिटलं.