सहाशे बाराची रिकामी जागा

मी सहाशे बारा बोलतोय. आकडाच आहे मी, पण स्वस्थ बसणं माझ्या नशिबात नाही.

संगणकाच्या पोटात कर्नल नावाचा कारभारी असतो. फाइल उघडायची असो की वेळ विचारायची, प्रोग्रॅम त्याला नुसता आकडा सांगतात. तो तक्ता बघतो आणि त्या आकड्यासमोरचं काम करून देतो. गोम अशी, की प्रोसेसरची घराणी अनेक आणि प्रत्येकाचा तक्ता वेगळा. पूर्वी ज्याने त्याने मनाला येईल तसे आकडे वाटले. एकच काम इथे पाच, तिथे दोन, तिसरीकडे हजाराच्या पुढे! शेवटी सगळे वैतागले आणि ठरलं, यापुढे नव्या कामाला सगळीकडे एकच आकडा.

हे सांभाळायला एक बाई आल्या. स्वतःचा चष्मा रोज हरवणाऱ्या या बाई तक्त्यांवर मात्र डोळ्यांत तेल घालून असत. त्यांनी मला काम नेमून दिलं, झोपलेल्या प्रोग्रॅमला ठरल्या क्षणी उठवायचं. अकरा तक्त्यांत माझी ओळ चढली. कधी एकदा हाक येते असं मला झालं होतं.

बाराव्या तक्त्याशी गाडी अडली. ते घराणं मोडीत निघालेलं. ते सांभाळणारे गृहस्थ बाईंचे गुरू, ऑफिसात सगळे त्यांना आजोबा म्हणत. मी रिकामा दिसलो म्हणून त्यांनी दोन वर्षांपूर्वीच मला परस्पर कामाला लावलं होतं. काम काय, तर कापड गिरणीतला माग तत्काळ थांबवायचा.

"आजोबा, एकदा विचारायचं तरी!"

"चुकलं गं. गिरणीवाले घाईत होते. म्हटलं, या घराण्याकडे आता कोण बघतंय?"

"मग बदला ना आता."

"कर्नलमध्ये बदलीन. पण मागांवरचे जुने प्रोग्रॅम सहाशे बाराच सांगणार. विणकराचा हात अडकला, त्यानं बटण दाबलं, आणि माग थांबलाच नाही तर?"

बाईंनी अकरा तक्ते पुढे ओढले. मला तळपाय नाहीत, तरी त्यांची आग मस्तकात गेली. एका मरतुकड्या घराण्यासाठी मी अकरा घरांवर पाणी सोडायचं?

बाईंनी अकराही ओळी एकेक करून खोडल्या. तिथे लिहिलं, 'जागा रिकामी. कुणालाही देऊ नये.' माझं काम शेजारच्या सहाशे तेराला गेलं. तो आता घरोघरी राबतो आणि मी त्याच्याकडे बघून जळतो. खोटं कशाला बोलू?

नवे लोक तक्ता उघडतात. "अरे, इथे जागा आहे की!" म्हणतात, आणि माझा जीव सुपाएवढा होतो. एवढ्यात गिरणीतून हाक येते. कालही आली. मी माग थांबवला. विणकराने हात बाहेर काढला आणि पाचही बोटं हलवून पाहिली.

म्हणून तुमचे हात शिवशिवले, तरी ती जागा कुणाला देऊ नका. मी कितीही आशेने बघितलं, तरीही देऊ नका.