दोन रांगांमधला दोर

मित्रांनो, मी आता जे सांगणार आहे ते तुम्हाला पटणार नाही. आजवर कुणालाच पटलेलं नाही. मागच्या पावसाळ्यात हीच हकीकत मी छपरातल्या एका उंदराला सांगितली, तर तो अर्ध्यातच माझे दोन पदर कुरतडून निघून गेला. तरी सांगतो, कारण तिच्यातलं अक्षरन् अक्षर खरं आहे आणि तिच्यात मी फार मोठं काम केलेलं आहे.

मी एक जुना दोर आहे. शाळेच्या ओसरीत खुंटीला वेटोळं करून टांगलेला, रस्सीखेचीच्या वेळी तुम्ही दोन्हीकडून ओढता तोच मी. तुम्हाला वाटत असेल, दोराला कसलं आलंय आयुष्य. ऐका तर मग.

माझा जन्म मंद्रूपजवळच्या एका बांधावर, घायपाताच्या काटेरी पानांत झाला. तानाबाई आणि तिच्या नवऱ्यानं ती पानं कापली, पाण्यात कुजवली, दगडावर धोपटली आणि त्यातून निघालेले पांढरे तंतू वाळवून मला वळायला घेतलं. दोर वळताना एकानं चाकाशी बसायचं असतं आणि दुसऱ्यानं तंतू सोडत सोडत मागं सरकत जायचं असतं. तानाबाई चाकाशी बसली, नवरा मागं सरकायला लागला. पण माझे तंतूच असे चिवट, की मी तुटेना. मी तुटेना म्हणून तो थांबेना. मागं सरकत सरकत तो थेट मैंदर्गीच्या बाजारात पोचला. तिथं त्यानं कानडीत चहा मागितला, मान न वळवता प्यायला आणि मग माघारी आला. तिकडच्या लोकांनी माझा बराचसा भाग कापून घेतला, म्हणून आज मी चाळीसच हात उरलोय.

तरुणपणी मी श्रीपूरकडं उसाच्या गाड्या बांधायला होतो. एकदा उसानं गच्च भरलेला ट्रॅक्टर ओढ्यात रुतला. चार बैलजोड्या हरल्या, तेव्हा मला लावलं. मी असा काही जोर केला की ट्रॅक्टर तर वर आलाच, पण त्याच्या मागोमाग ओढाही थोडा वर आला. तिथं अजून ओढ्याला वळण आहे, जाऊन बघा. गाडीवान मला खांद्यावर टाकून म्हणायचे, दोर असावा तर असा. लग्नाचा मांडव असो की विहिरीतली पडलेली घागर असो, मलाच बोलावणं यायचं.

मग बाजारात नायलॉनचे निळे-पिवळे दोर आले. ते हलके, ते भिजत नाहीत, ते स्वस्त. मला कुणीतरी या शाळेच्या अडगळीच्या खोलीत टाकलं. तिथं तुटक्या बाकाखाली मी किती वर्षं पडून होतो, ते मला मोजता आलं नाही. मात्र एक मान मला दर निवडणुकीला मिळायचा. ही शाळा म्हणजे आपल्या वस्तीचं मतदान केंद्र. त्या दिवशी अंगणात सहा बांबू रोवायचे आणि फाटकापासून वर्गाच्या दारापर्यंत मला ताणून बांधायचं. माझ्या डाव्या अंगाला पुरुष, उजव्या अंगाला बायका. दारातला होमगार्ड एक पुरुष आत सोडायचा, मग दोन बायका. सगळी वस्ती माझ्यामुळं शिस्तीत उभी राहायची. खोटं कशाला सांगू, त्या दिवशी मला स्वतःचा फार गर्व वाटायचा.

मागच्या विधानसभेच्या निवडणुकीला सकाळी नऊच्या सुमारास वैजयंती आली.

वैजयंतीला तुम्ही ओळखता. तुमचे गणवेश तीच शिवते. पण ती कोण आहे, हे तुम्हाला नीट सांगायला हवं. काही माणसं जन्माला येतात तेव्हा मुलगा म्हणून नोंदली जातात आणि वाढताना त्यांना आतून पक्कं कळत जातं, की आपण मुलगी आहोत. वैजयंती तशी. वस्तीला ते कळेना आणि तिला वेगळं वागता येईना, म्हणून सोळाव्या वर्षी ती सोलापूरला गेली. टॉवेलच्या कारखान्यात काठ शिवायच्या मशीनवर बसली. बारा वर्षांनी आई आजारी पडली तेव्हा एक शिलाई मशीन घेऊन परत आली, चार शेळ्या घेतल्या आणि आईचं सगळं केलं. हळूहळू वस्तीतल्या बायका तिच्याकडं झंपर शिवायला टाकू लागल्या. तिच्यासारखा गळा मंद्रूपच्या शिंप्यालाही जमत नाही.

पूर्वी अशा माणसांना सरकारी कागदावर जागाच नव्हती. मग कायदा झाला. माणूस स्वतःला जे म्हणतो ते कलेक्टरनं मानायचं आणि तसं ओळखपत्र द्यायचं, असं ठरलं. त्या कायद्याचे कागद ज्या दोरानं बांधले होते तो माझा चुलतभाऊ, त्यामुळं आतलं सगळं मला आधीच ठाऊक होतं. वैजयंतीनं सोलापूरला सात खेपा घातल्या, ओळखपत्र मिळवलं आणि मतदार यादीत स्वतःचं खरं नाव लावून घेतलं. मुंबईला बसून राज्याचे कायदे करणारी माणसं त्या दिवशी निवडायची होती, आणि त्यांना निवडताना तिचं मत तिच्या नावानं मोजलं जाणार होतं. पहिल्यांदाच.

ज्यांनी तो कायदा केला त्यांच्याबद्दल मला आदर आहे. फक्त आमच्या अंगणाचा विचार कुणी केला नव्हता. यादीत रकाने तीन होते, पुरुष, स्त्री आणि तृतीयपंथी, आणि अंगणात रांगा दोन.

हिरवं लुगडं नेसून, हातात मतदार चिठ्ठी धरून ती बरोबर माझ्या टोकाशी येऊन थांबली. होमगार्ड होता सोमलिंग, तो दारातून फाटकाशी आला. त्यानं चिठ्ठी वाचली, उलटी करून पाहिली आणि पुन्हा वाचली.

"कुटं थांबताय मग तुमी?" तो म्हणाला.

"तुमीच सांगा की. मी थांबायचं तेवढं ठरवून आलेय."

सोमलिंग डावीकडं बघायला लागला, मग उजवीकडं. पुरुषांच्या रांगेतून कुणीतरी तिला जुन्या नावानं हाक मारली आणि दोघं-तिघं हसले. ते नाव मी तुम्हाला सांगणार नाही. मी बढाया मारत असेन, पण मी चहाडखोर नाही.

मी मधून सगळं बघत होतो. बायकांच्या रांगेतल्या निम्म्या जणींच्या अंगावर वैजयंतीनं शिवलेलं झंपर होतं. त्यांच्यातली सुंदरम्मा वैजयंतीला हळूच म्हणाली, "ये म्हनायला माझी ना न्हाय गं. पर सासरा बघतोय तिकडनं."

तिच्या पुढं म्हाळसाबाई होत्या, तुम्हाला खिचडी करून वाढतात त्या. त्या काही हळू बोलल्या नाहीत. "बायांची रांग ती बायांची. आज ही आली, उद्या कोनबी यील. असलं न्हाय चालायचं."

"तिसरी रांग करा की तिच्यासाठनं," पलीकडून म्हातारे रावजी बोलले. ते काही वाईट मनानं बोलले नव्हते.

"एकट्या माणसाची रांग असती व्हय, आबा?" वैजयंती म्हणाली.

गलका ऐकून केंद्राध्यक्ष रुपाली मॅडम बाहेर आल्या. त्यांनी यादी बघितली, ओळखपत्र बघितलं. मग सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "नाव आहे, फोटो आहे, हक्क पूर्ण आहे. कुणीही काही बोलायचं नाही. वैजयंतीताई, या, मी तुम्हाला थेट आत घेते."

इथं दुसरं कुणी असतं तर गेलं असतं, मित्रांनो. वैजयंती जागची हलली नाही.

"थेट आत म्हातारी मानसं जात्यात मॅडम, गरोदर बाया जात्यात. मी धडधाकट हाय. मला रांगंतनं यायचंय."

"अहो, तासभर ऊन खात उभं राहायचा त्रास कशाला?"

"तुमास्नी त्रास वाटत असंल. मला अजून कुनी रांगंत उभंच केल्यालं न्हाय."

मॅडमनी निवडणुकीचं पुस्तक उघडलं. पानं मागं पुढं केली. पुस्तकात शाईच्या बाटलीसाठी वाळूत खड्डा कसा करायचा इथपर्यंत सगळं लिहिलेलं होतं, पण वैजयंतीनं दोराच्या कुठल्या बाजूला उभं राहायचं ते नव्हतं. मग वाद पेटला. पुरुष म्हणाले, बायकांत जाऊ दे. बायकांतल्या काही म्हणाल्या, आमच्यात नको. दोन्हीकडचे पुढं सरकेनात आणि मतदान जागच्या जागी थांबलं.

"मी अकरा वाजूस्तोवर हितं उभी ऱ्हाते," वैजयंती सोमलिंगला म्हणाली. "मग मला शेळ्या सोडायच्यात. एकदा गेले की परत येत न्हाय बगा."

ती एकदा गेली होती तेव्हा बारा वर्षं आली नव्हती, हे त्या अंगणातल्या प्रत्येकाला माहीत होतं. ती बांबूला टेकलीसुद्धा नाही. सरळ उभी राहिली. एक हात माझ्यावर ठेवला. त्या हाताला सुईचे बारीक घट्टे पडले होते, ते मला लागत होते. तिच्या कपाळावरून घाम ओघळत होता, पण पदरानं तो टिपायलाही तिनं हात हलवला नाही. आजवर माझ्यावर पुष्कळ जणांनी हात ठेवले, पण इतका घट्ट आणि इतका शांत हात मी दुसरा पाहिलेला नाही. कुणावर ती चिडली नाही. रडली नाही. हसणाऱ्यांकडं तिनं एकदा नीट बघितलं, तर ते आपोआप चिठ्ठ्या वाचायला लागले.

साडेदहा झाले. पावणेअकरा झाले. कायदा होता, ओळखपत्र होतं, यादीत नाव होतं, मॅडम भल्या होत्या. मध्ये आडवा होतो फक्त मी.

आणि मग, मित्रांनो, मी ठरवलं. विश्वास बसणार नाही असं म्हटलं होतं ते हेच. ज्यानं ओढा वर ओढला त्याला स्वतःला ढिलं करणं काय अवघड? मी माझा एकेक पदर सैल केला. सोमलिंगनं फाटकाशी मारलेली गाठ, अशी पक्की की हत्तीनं ओढली तरी सुटू नये, ती मी आतल्या आत फिरवली, उलगडली आणि सगळ्यांदेखत मातीत पडलो. बांबूंच्या मधोमध जागा रिकामी झाली. कोण कुठल्या बाजूचा, तेच कुणाला सांगता येईना.

मग जो जसा आला होता तसा उभा राहिला. पुढं म्हाळसाबाई, त्यांच्या मागं वैजयंती, तिच्या मागं रावजी आबा, त्यांच्या मागं सुंदरम्मा आणि तिच्या मागं तिचा सासरा. सोमलिंग मॅडमच्या तोंडाकडं बघायला लागला. मॅडमनी पुस्तक मिटलं आणि म्हणाल्या, "सोडा एकेक."

वैजयंती आत गेली. बाहेर आली तेव्हा बोटावर शाई होती. ती तिनं कुणाला दाखवली नाही, नुसती फुंकर घालून वाळवली. रावजी आबांनी तिला विचारलं, "झालं का गं मनासारखं?" ती म्हणाली, "व्हय आबा. पर शेळ्या वराडत असतील," आणि भराभरा वस्तीकडं निघाली. तिचं पाऊल मी मातीत पडल्या पडल्या ऐकत होतो. साखर कारखान्याचे मोठमोठे साहेब मी जाताना पाहिलेत, पण असं ताठ चालणं एकाचंही नव्हतं.

त्या दिवसापासून मला अडगळीतून काढून या खुंटीला टांगलं. तेव्हा माझं एवढं ऐका, मित्रांनो. भिजलो तर मला उन्हात वाळवा. गाठ मारलीत तर खेळ झाल्यावर सोडून ठेवा, गाठीनं दोर कुजतो. झोका बांधा, पाणी शेंदा, रस्सीखेच खेळा, मी कुरकुर करणार नाही. फक्त मला माणसांच्या मध्ये ताणून बांधू नका. आणि कधी बांधलंत, तरी घाबरायचं कारण नाही. त्या दिवशी मी एकट्यानं, स्वतःच्या मनानं, कुणी हात न लावता ती गाठ...

"खोटं हाय ते."

स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात म्हाळसाबाई तांदूळ निवडत बसल्या होत्या. त्यांनी सूप खाली ठेवलं आणि सगळी पोरं तिकडं वळली.

"कुनी हात न लावता म्हनं. गाठ म्या सोडली. सोमल्यानं मारल्याली, बोटानं हलंना. मग दातानं सोडली. हे बगा, ही दाढ तवापासनं हलतीया."

"पण म्हाळसामावशी, तुम्हीच तर नको म्हणत होता," तिसरीतली अंकिता म्हणाली.

"म्हनले हुते की. न्हाय कुटं म्हनतेय?" म्हाळसाबाईंनी तांदळातला एक खडा उचलून अंगणात टाकला. "मग पाऊनेदोन तास ती पोरगी उन्हात उभी बगितली. तोंड गप केलं न् दात कामाला लावलं."

त्यांनी पुन्हा सूप मांडीवर घेतलं आणि माझ्याकडं बोट केलं.

"अन् ह्यो काय सैल झाला नव्हता, पोरांनो. शेवटच्या पिळापतोर घट्ट धरून बसला हुता."