तक्त्यानं दिलेली साक्ष

यावर तुमचा विश्वास बसणार नाही, आणि बसू नये अशीच माझी कीर्ती आहे. माझ्या दुकानातला चष्मा लावून एका मांजरानं अख्खं वर्तमानपत्र वाचलं, हे गावभर मीच पसरवलं होतं. पण आजची गोष्ट ज्याची आहे, तो शेजारचा कुलूपवाला इथेच बाकावर बसलाय. तेव्हा थापा मारायची सोय नाही. काय रे, ऐकतोयस ना? ऐकतोय म्हणतो.

तर एका रविवारी उपासना संपताना आमच्या पाळकांनी फर्मान काढलं. प्रत्येकानं आठवडाभरात एका तरी माणसाला येशूबद्दल सांगायचं आणि पुढच्या रविवारी उभं राहून साक्ष द्यायची. मंडळी मोठ्यानं ‘आमेन’ म्हणाली. मीही म्हणालो, पण ते घशातच विरघळलं. दिवसभर गिऱ्हाइकांच्या नाकाशी नाक लावून बडबडणारा मी, पण हा एक विषय निघाला की जीभ टाळ्याला चिकटते. आमची ही म्हणालीच, खोटं सांगताना बरी सुटते!

सोमवारी बेकरीवाल्याला सांगायचं ठरवलं, तर हवापाण्यावर बोलून त्याच्या चष्म्याची काडी फुकट बसवून दिली. पोस्टमनला मुद्दाम थांबवलं आणि मांजराचीच गोष्ट पुन्हा सांगितली.

मग हा कुलूपवाला आला. एक डोळा आधीच गेलेला, दुसऱ्यापुढे धुकं. आता उतार पडायचा नाही, असं इस्पितळात स्पष्ट सांगितलं होतं. तरी याला आशा, की माझ्याकडे एखादं जाडजूड भिंग निघेल. मी त्याच्या नाकावर तपासणीची फ्रेम चढवली, दिवा मालवला आणि भिंगामागून भिंग घालत नेहमीसारखं विचारू लागलो, हे बरं की ते? तो म्हणे, सारखंच. पुन्हा बदललं. सारखंच.

मग हळूच म्हणाला, “खरं सांग. हाही जाणार ना?”

जाणार, म्हणालो. काय करू?

“रोज दुकान उघडताना तू डोळे मिटून कुणाशी तरी पुटपुटतोस,” तो म्हणाला. “मिटल्यावर तुला भीती नाही वाटत?”

ताट वाढून पुढ्यात ठेवलेलं, आणि माझा हात उचलेना. डोक्यात नुसता गुंता. हा भ्यालाय म्हणून मला बोलायचंय, की रविवारी मंडळीसमोर उभं राहायचंय म्हणून? अडलेल्या माणसाला असं गाठून सांगणं ही माया की लबाडी? आणि ज्यानं मांजराला चष्मा लावला, त्याच्या तोंडून येशू मेलेल्यांतून उठला हे ऐकून हा हसला तर? मला हसला तर हसू दे, त्यावरच माझं दुकान चालतं. पण येशूला हसला तर? बोलावं तरी पंचाईत, गप्प बसावं तरी पंचाईत. भिंगं माझ्या हातात, आणि मलाच काही दिसेना.

आणि तेवढ्यात ते घडलं. मी तोंडसुद्धा उघडलं नव्हतं. समोरच्या भिंतीवरचा अक्षरांचा तक्ता आपोआप उजळला. वरचं हत्तीएवढं अक्षर ज्याला लागत नव्हतं, त्या या गृहस्थानं सगळ्यात खालची मुंगीएवढी ओळ घडाघडा वाचली, ‘येशू अंधाराला भीत नाही, तिथेही तो तुझा हात सोडणार नाही.’ ती ओळ तक्त्यावर कधीच नव्हती! मी आपला निमूट भिंगं पुसत बसलो. पाळकांनाही मी तेच सांगितलं, साक्ष तक्त्यानं दिली, मी नुसता दिवा...

“खोटं,” बाकावरून कुलूपवाला म्हणाला. “तक्ता कुठला, मला भिंतसुद्धा दिसत नव्हती. बोललास तू. त त प प करत, मध्येच थांबत. एकदा तर सगळं विसरून पुन्हा पहिल्यापासून सुरू केलंस. आणि माझा हात असा आवळून धरला होतास, की दुसऱ्या दिवशी कानस धरवेना. इतकं वाईट बोलताना तुला मी जन्मात ऐकलं नव्हतं. म्हणून तर खरं वाटलं.”